घराशी संलग्न वस्तू

घराशी संलग्न वस्तू म्हणजे मुळात सुट्या असलेल्या, परंतु घराला किंवा जमिनीला कायमस्वरूपी जोडल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने स्थावर मालमत्तेचा भाग बनलेल्या वस्तू होत. इंग्रजी विधिपरिभाषेत त्यांना फिक्स्चर म्हणतात. करारात वेगळे नमूद नसल्यास घराच्या विक्रीबरोबर त्या खरेदीदाराकडे जातात. सुटे सामान विक्रेत्याचेच राहते.

भारतीय कायदा

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ३ नुसार तीन प्रकारच्या वस्तू जमिनीला संलग्न ठरतात: झाडाझुडपांप्रमाणे जमिनीत रुजलेल्या, भिंती व इमारतींप्रमाणे जमिनीत पक्क्या रोवलेल्या, आणि अशा रोवलेल्या वस्तूच्या कायम लाभदायी उपभोगासाठी तिला जोडलेल्या. कलम ८ नुसार घराबरोबर कुलपे, किल्ल्या, अडसर, दारे, खिडक्या आणि कायम वापरासाठी पुरवलेल्या इतर सर्व वस्तू हस्तांतरित होतात. किल्ली भिंतीला जोडलेली नसूनही घराबरोबर जाते. म्हणजेच केवळ प्रत्यक्ष जोडणी निर्णायक नसते. व्यवहारातून वेगळा उद्देश व्यक्त किंवा अपरिहार्यपणे सूचित होत असल्यास मात्र हा नियम लागू होत नाही.

कसोट्या

वस्तू किती घट्ट जोडली आहे आणि कोणत्या हेतूने जोडली आहे, या दोन कसोट्या प्रामुख्याने वापरल्या जातात. त्यांचे प्रसिद्ध विवेचन हॉलंड विरुद्ध हॉजसन (१८७२) या इंग्लंडमधील खटल्यात आढळते. त्यात गिरणीच्या फरशीला खिळ्यांनी बसवलेले माग स्थावर मालमत्तेचा भाग ठरले. एकावर एक रचलेले दगड कुंपणाची भिंत म्हणून उभे असतील तर ते जमिनीचा भाग होतात. तेच दगड बांधकाम करणाऱ्याच्या आवारात केवळ सोयीसाठी रचून ठेवले असतील तर जंगम राहतात, असे उदाहरण न्यायाधीश ब्लॅकबर्न यांनी दिले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने डंकन्स इंडस्ट्रीज खटल्यात (२०००) कायम वापराच्या हेतूने बसवलेली खत कारखान्याची यंत्रसामग्री स्थावर मानली.

घरगुती वस्तू

नळ, कमोड, वॉश बेसिन, भिंतीत बांधलेली कपाटे व विजेचे अंतर्गत वायरिंग यांबाबत सहसा वाद नसतो. पलंग, फ्रिज व पडदे ही जंगम मालमत्ता होय. गीझर, पंखे, वातानुकूलन यंत्र आणि मॉड्युलर किचन यांबाबत मात्र मतभेद संभवतात. झोपाळ्याच्या तुळईत पक्क्या बसवलेल्या कड्या घराचा भाग मानता येतात. त्यांना अडकवलेला पाट सहज काढता येत असल्याने त्याचा उल्लेख करारात करणे इष्ट ठरते.

भाडेकरूचा हक्क

कलम १०८ नुसार, विरुद्ध करार किंवा स्थानिक रूढी नसल्यास, भाडेकरू ताबा असेपर्यंत स्वतः जोडलेल्या वस्तू काढून नेऊ शकतो. मात्र जागा मूळ स्थितीत ठेवणे त्याच्यावर बंधनकारक असते. त्यामुळे भाड्याने दिलेले घर विकत घेताना कोणती वस्तू मालकाची व कोणती भाडेकरूची, हे तपासावे लागते.

खरेदीतील महत्त्व

वाद टाळण्यासाठी घरासोबत मिळणाऱ्या व विक्रेता नेणार असलेल्या वस्तूंची यादी करारनाम्याला परिशिष्ट म्हणून जोडली जाते. करारापासून ताबा देईपर्यंत सामान्य विवेकी मालकाप्रमाणे मालमत्तेची काळजी घेणे हे कलम ५५ नुसार विक्रेत्याचे कर्तव्य आहे. नव्या सदनिकांच्या बाबतीत महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका अधिनियम, १९६३ नुसार प्रवर्तकाला जोडलेल्या वस्तू व सुविधांचे स्वरूप उघड करावे लागते.