दुसरं मत



वर्धापनदिनाच्या तयारीची बैठक विहारात चालली होती. वर्गणी किती जमली, मंडप कुणाचा, भोजनदान कोण देणार हे सगळं ठरलं आणि मग गाडी नेहमीप्रमाणे निवडणुकीवर आली. आपल्या वसई-विरार महापालिकेत आता बहुसदस्यीय प्रभाग आहेत. एका मतदाराला एकाहून जास्त मतं द्यायची असतात. तेव्हा एका तरुणानं सरळ विचारलं, "आपल्या माणसाला एक मत द्यायचं आणि बाकीची वाया घालवायची. काय बिघडतं? दुसऱ्याला कशाला मोठं करायचं?" बैठकीत हशा पिकला. कोपऱ्यात बसलेले एक वृद्ध बाबा मात्र हसले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "पोरा, याला मत कुजवणं म्हणतात. आमच्या बापानं सांगितलेलं आहे, भंडाऱ्याला काय झालं ते."

नव्या पिढीतल्या पुष्कळांना भंडारा म्हणजे नेमकं काय, हे ठाऊक नव्हतं. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत तीच हकिकत लिहायचं आम्ही ठरवलं. पण ती सांगायची तर थोडं मागून सुरू करावं लागतं.

१९४६ साली प्रांतिक निवडणुकांत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा मुंबई प्रांतात पार धुव्वा उडाला. घटना समितीवर सभासद निवडायचे ते प्रांतिक विधिमंडळांच्या आमदारांनी. मुंबईतून बाबासाहेबांना निवडून देईल एवढं बळ आपल्यापाशी नव्हतं आणि इथल्या काँग्रेसला ते नको होते. तेव्हा बंगालमधून जोगेंद्रनाथ मंडल पुढे आले. बंगालच्या विधिमंडळात फेडरेशनचे म्हणून ते एकटेच होते. एकट्याच्या मतावर काय होणार? त्यांनी अनुसूचित जातींच्या इतर आमदारांची मनं वळवली. त्यात काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आलेलेही होते. पक्षाचा हुकूम एकीकडे आणि बाबासाहेब दुसरीकडे. या मंडळींनी पक्षाचा हुकूम बाजूला ठेवला आणि जुलै १९४६ मध्ये बाबासाहेब बंगालमधून घटना समितीवर गेले. पुढे फाळणीमुळे ती जागा गेली. मग १९४७ च्या जुलैमध्ये काँग्रेसनेच त्यांना मुंबईतून निवडून आणलं, कारण तोपर्यंत त्यांच्या विद्वत्तेची गरज सर्वांना पटली होती. घटनेच्या शिल्पकाराला घटना समितीचं दार पहिल्यांदा उघडून दिलं ते मात्र बंगालच्या त्या आमदारांनी. त्यांची नावं आपल्या घरांत कुणी घेत नाही, याची आम्हाला खंत वाटते.

आता १९५१. बाबासाहेब ऑगस्ट १९४७ पासून स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री. ते काँग्रेसचे नव्हते, तरी मंत्रिमंडळात होते. हिंदू कोड बिल रखडलं होतं. स्त्रियांना वारसा, घटस्फोटाचा हक्क, एकपत्नीत्व अशी त्यातली कलमं आज साधी वाटतात, पण त्या वेळी संसदेच्या आतबाहेर त्यावर रान उठलं होतं. सरकारने माघार घेतली आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला. कारण एकच नव्हतं. मागासवर्गीयांसाठी कमिशन नेमलं नाही, अनुसूचित जातींच्या प्रश्नांकडे दुर्लक्ष झालं, परराष्ट्र धोरणही त्यांना पटत नव्हतं. १० ऑक्टोबरला सभागृहात निवेदन करायला उभे राहिले तेव्हा त्यावरून वाद झाला. ते बाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांकडे दिलं.

तारखा नीट पाहा. राजीनामा सप्टेंबरअखेर आणि मुंबईचं मतदान जानेवारी १९५२ मध्ये. म्हणजे देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक तीन-चार महिन्यांवर आली असताना हातची मंत्रिपदाची खुर्ची सोडली. एखादा हिशेबी माणूस म्हणाला असता, निवडणूक होऊ दे, मग बघू. आणि ज्या बिलासाठी सोडली त्याचा लाभ प्रामुख्याने हिंदू समाजातल्या, म्हणजे सवर्ण घरांतल्यासुद्धा, बायकांना होणार होता. त्यांच्याकडून मतं मिळतील अशी आशा धरण्याचं काही कारण नव्हतं. (त्या बिलाचे तुकडे पाडून १९५५-५६ मध्ये निरनिराळे कायदे झाले, हे आपणांस ठाऊक असेलच.)

निवडणुकीत फेडरेशनने जाहीरनामा काढला. हिंदुमहासभा, रा. स्व. संघासारख्या प्रतिगामी संघटनांशी युती नाही आणि कम्युनिस्टांशीही नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. युती झाली ती समाजवाद्यांशी.

त्या वेळची मतदानाची रीत आजच्या मुलांना सांगावी लागेल. काही मतदारसंघ दोन सभासदांचे असत. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह. फेडरेशनचं चिन्ह हत्ती. दोन मतपत्रिका दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकायच्या. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एक बाद. मत कुजवण्याची वाट होती ती हीच.

बाबासाहेब उत्तर मुंबईतून राखीव जागेसाठी उभे राहिले, जोडीला सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता. (उत्तर मुंबई हे नाव आपल्यालाही परकं नाही. पालघर मतदारसंघ होण्यापूर्वी कित्येक वर्षं आपली वसई लोकसभेला उत्तर मुंबईतच मतदान करीत होती. १९५२ चा उत्तर मुंबई मात्र निराळा.) निकाल लागला. काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर यांना १,३८,१३७ मतं, बाबासाहेबांना १,२३,५७६. फरक १४,५६१ मतांचा. अशोक मेहताही पडले. आणि बाद झालेल्या मतपत्रिका किती? ७४,३३३! बाबासाहेब व मेहता यांनी निवडणूक अर्ज केला. कम्युनिस्ट पुढारी श्रीपाद अमृत डांगे व इतरांनी मतदारांना मतं कुजवायला सांगितलं, अशी त्यात तक्रार होती. तो अर्ज फेटाळला गेला. त्याच वर्षी बाबासाहेब मुंबई विधिमंडळाकडून राज्यसभेवर गेले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. पण लोकांनी थेट निवडून दिलेल्या लोकसभेत घटनाकार नाही, हे शल्य समाजाच्या मनात होतंच.

म्हणून १९५४ च्या मे महिन्यात भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली तेव्हा विदर्भातला समाज पेटून कामाला लागला. ही जागाही दोन सभासदांची. बाबासाहेब राखीव जागेवर, अशोक मेहता पुन्हा सर्वसाधारण जागेवर. बाबासाहेबांची प्रकृती तेव्हा ढासळत चालली होती, तरी ते प्रचाराला गेले.

आता मुद्द्याची गोष्ट. कार्यकर्ते काही खुळे नव्हते. १९५२ चा धडा सगळ्यांनी घेतला होता. त्यांनी हिशेब मांडला: आपली माणसं दुसरं मत अशोक मेहतांना देतील, कारण आपली माणसं शब्दाला जागणारी. पण मेहतांची माणसं, जातीनं वरची, ती दुसरं मत महाराच्या पोराला देतील का? तेव्हा आपल्या लोकांना सांगू, एकच मत हत्तीला द्या, दुसरं कुजवा. विदर्भातल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत हा प्रसंग येतो आणि बाबासाहेबांचं उत्तरही येतं. त्यांनी साफ नकार दिला. ज्याने घटना लिहिली, प्रत्येकाला मताचा अधिकार दिला, तो मत नासवा असं लोकांना सांगणार नाही, पडलो तरी चालेल, अशा अर्थाचं ते बोलले.

आणि ते पडले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर ८,३८१ मतांनी निवडून आले. सर्वसाधारण जागेवर मात्र अशोक मेहता जिंकले.

हा निकाल पुन्हा एकदा वाचा. जोडीतला एक जिंकला, एक हरला. आपल्या लोकांची दुसरी मतं मेहतांच्या पेटीत गेली, तिकडची तितक्या प्रमाणात हत्तीच्या पेटीत आली नाहीत, असाच अर्थ तेव्हापासून समाजानं लावला आहे आणि आम्हालाही तो खरा वाटतो. आपल्यापैकी काहीजण आजही म्हणतात, बाबासाहेबांनी त्या वेळी कार्यकर्त्यांचं ऐकायला हवं होतं, लोकसभेत गेले असते. आम्ही या म्हणण्याची टर उडवणार नाही. ज्यांनी उन्हातान्हात भंडारा तुडवला त्यांचं ते दुःख आहे. पण ज्या तक्रारीचा अर्ज घेऊन आपण १९५२ साली दाराशी गेलो, तेच काम १९५४ साली आपण केलं असतं, तर त्या अर्जाला काय किंमत राहिली असती? शिवाय युती केली होती, मेहतांना शब्द दिला होता.

याच धर्तीची आणखी एक गोष्ट पुढच्याच वर्षीची. ऑगस्ट १९५५ मध्ये फेडरेशनच्या कार्यकारिणीने ठराव केला की विधिमंडळांतल्या राखीव जागा बंद कराव्यात. राखीव जागा ज्यांच्यासाठी, त्यांचाच पक्ष हे म्हणत होता! कारण अनुभवाने दिसत होतं की त्या जागेवर निवडून येणारा माणूस ज्यांच्या मतांवर येतो त्यांचा होतो. आज या ठरावाचा उल्लेख कुठल्या सभेत होत नाही, सोयीचा नाही म्हणून असेल.

बाबासाहेबांखेरीज त्या काळात असं कुणी केलंच नाही, असं मात्र नाही. शेजारच्या कुलाबा जिल्ह्यातून काँग्रेसचे खासदार असलेले चिंतामणराव देशमुख देशाचे अर्थमंत्री होते. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा १९५६ मध्ये त्यांनी पंडित नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. महाराष्ट्रातल्या काँग्रेसच्या पुढाऱ्यांना मुंबई नको होती असं नाही, पण बहुतेकांनी पक्षाचा आदेश शिरोधार्य मानला. चिंतामणरावांनी तो मानला नाही.

पुढे संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली आणि फेडरेशन तिच्यात गेलं. समितीत कम्युनिस्टही होते, स्वतः डांगे होते. १९५१ च्या जाहीरनाम्यात ज्यांच्याशी युती नाही म्हटलं, त्यांच्याच मांडीला मांडी! तेव्हा तत्त्व कुठे गेलं, असा प्रश्न कुणी विचारला तर तो गैर नाही. आम्हाला वाटतं, समिती ही सत्तेची वाटणी नव्हती. एका मागणीपुरती केलेली एकजूट होती आणि ती उघड मांडलेली होती.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. तीन महिन्यांच्या आत निवडणूक. समाज अजून रडत होता. नाशिकहून दादासाहेब गायकवाड लोकसभेवर गेले, कोपरगावहून बी. सी. कांबळे. आपल्या ठाण्याच्या दोन्ही जागा समितीच्या बाजूच्या कम्युनिस्टांनी जिंकल्या, त्यातले एक शामराव परुळेकर. हे शामराव पूर्वी बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे. जानेवारी १९३८ मध्ये खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला, तेव्हा ते बाबासाहेबांबरोबर होते. मग पक्ष सोडून कम्युनिस्ट झाले आणि १९४५ पासून गोदावरीबाईंसह तलासरी-डहाणूच्या वारली बांधवांत राहून वेठबिगारीशी लढले. तो मुलूख आज आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे. माणसानं पक्ष बदलला म्हणजे तत्त्व विकलंच, असं सरसकट म्हणता येत नाही, ते या शामरावांकडे बघून.

आणि मध्य मुंबईत काय झालं? ही जागाही दोन सभासदांची. समितीतर्फे सर्वसाधारण जागेवर डांगे, राखीव जागेवर फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने. दोघेही निवडून आले. पाच वर्षांपूर्वी ज्या डांग्यांविरुद्ध मतं कुजवल्याची तक्रार झाली, त्यांच्या पेटीत गिरणगावातल्या आपल्या माणसांनी दुसरं मत टाकलं आणि लाल बावट्याच्या कामगारांनी आपलं दुसरं मत मान्यांच्या पेटीत टाकलं. त्या गिरणगावातल्या चाळींतूनच पुढे पुष्कळ कुटुंबं नालासोपाऱ्याला, विरारला आली. आपल्या विहाराच्या वहीत वर्गणीदारांचे जुने पत्ते पाहिले तर नायगाव, परळ, वरळी, डिलाईल रोड हीच नावं सापडतात.

दोन सभासदांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द झाले. हातात दोन मतपत्रिका घेऊन दोन पेट्यांपुढे उभी राहिलेली पिढी आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. आपल्या घरात असे कुणी आजी-आजोबा असतील, १९५२, ५४ किंवा ५७ च्या मतदानाचं त्यांना काही आठवत असेल, तर ते लिहून काढून विहाराच्या कार्यालयात आणून द्यावं. अक्षर कसंही असो. बैठकीत प्रश्न विचारणारा तो तरुण त्या आठवणींची वही तयार करणार आहे, त्यानं ते काम आपणहून मागून घेतलं आहे.