मिले मिलिया : ‘७२२’ क्रमांकाचा अर्थ
इटलीतील ब्रेशिया ते रोम आणि परत, अशी सुमारे १,६०० किलोमीटरची ‘मिले मिलिया’ शर्यत सार्वजनिक रस्त्यांवर होत असे. मोटारीवरील क्रमांक हीच तिची प्रस्थानाची वेळ. १ मे १९५५ रोजी सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी निघालेल्या मर्सिडीज-बेंझ ३०० एसएलआरवर म्हणूनच ‘७२२’ हा आकडा होता. इंजिनाच्या गोंगाटात शब्द ऐकू येत नसल्याने सहप्रवासी पत्रकार डेनिस जेन्किन्सन कागदाच्या गुंडाळीवरील नोंदी पाहून वळणांची सूचना हाताच्या खुणांनी देत. ब्रिटिश चालक स्टर्लिंग मॉस यांनी १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत विजय मिळवला. १९५७ मधील अपघातात दोन स्पर्धक व नऊ प्रेक्षक मृत्युमुखी पडल्यानंतर ही वेगाची शर्यत बंद झाली. मॉस यांचा विक्रम अबाधित राहिला.