भुयारांतलें पाणी

खडकीचें नांव निघालें कीं ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई डोळ्यांपुढें उभी राहते. पुढें बारा दिवसांत पुणें इंग्रजांच्या हातीं गेलें, हें शाळकरी मुलांसही पाठ असतें. पण ज्या मुळेच्या परिसरांत हें घडलें, तिचा इतिहास विचारावयास कोणी जात नाहीं.

दापोडीपाशीं पवना मुळेस मिळते व तेथून तें पाणी खडकीवरून, होळकर पुलाखालून संगमाकडे जातें. अर्थात् वरच्या वस्तीनें नदींत जें सोडलें तें खडकीच्या कांठास लागतें. पावसाळ्यांत तर मैला व पाऊस ओढ्यानाल्यांत एक होतात, आणि नळ तुडुंब भरले कीं शुद्धीकरण केंद्र चुकवून सारें नदीच्या पोटांत पडतें.

हेंच दुखणें लंडनचें. १८५८ च्या उन्हाळ्यांत थेम्सच्या दुर्गंधीनें पार्लमेंटांतील सभासद हैराण झाले, तेव्हां कोठें कायदा झाला व बॅझलजेट या इंजिनिअरनें मोठे भुयारी नळ बांधिले. (नाकास झोंबल्यावांचून राज्यकर्त्यांस जाग येत नाहीं, हा नियम तेथेंही लागू होता!) त्या नळांत मैला व पाऊस एकत्रच वाहत, शहर वाढलें, नळ अपुरे पडले. म्हणून नदीखालून सुमारें २५ किलोमीटर लांबीचें, ७ मीटरांहून अधिक व्यासाचें भुयार खणलें. २०२५ सालीं तें पूर्णपणें जोडलें गेलें. ऊत येणारें पाणी त्यांत सांठतें व मग उपसून शुद्धीकरणास जातें.

भुयाराची विद्या पुण्यास परकी नव्हे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजचें पाणी दगडी नळानें शनिवारवाड्यापर्यंत आणिलें. नळ जमिनीखालीं, आंतून मनुष्य चालत जाईल एवढा, वाटेंत उच्छ्वास, पाणी केवळ उतारानें येई. येणाऱ्या पाण्याची एवढी निगा, जाणाऱ्या पाण्याची मात्र नदीवर भिस्त! हा भेद, आमच्या मतें, पेशवाई बुडाल्यावरही सुटला नाहीं.

तथापि लंडनचें भुयार उचलून येथें आणावें असें आम्ही म्हणत नाहीं. तेथें तें पावसाच्या उतासाठीं आहे. आमचे नाले वैशाखांतही मैला वाहतात, त्यामुळें तसलें भुयार पावसाआधींच भरून जाईल. २०१६ सालीं जपानच्या कर्जांतून पुण्यासाठीं ११ शुद्धीकरण केंद्रांची योजना ठरली, दररोज ३९ कोटी ६० लक्ष लिटरांची. ती आधीं पुरी व्हावी, नाल्यांतला मैला नळांत वळवावा. भुयाराचा हिशेब त्यानंतर मांडतां येईल.