दमन मोजता येते

‘दमन म्हणजे नकोसे विचार नकळत मनाआड ढकलणे; ते झालेले माणसाला स्वतःलाच ठाऊक नसते, मग त्यालाच विचारून ते मोजणे हा वदतोव्याघात.’ हा पूर्वपक्ष इतक्या सहजपणे मांडला जातो की तो तपासावा असे फारसे कोणाला वाटत नाही. दमन प्रयोगाने तपासायची गरज खुद्द फ्रॉइडलाही वाटत नव्हती. १९३४ मध्ये सॉल रोझेनझ्वाइग यांनी दमनावरचे आपले प्रयोग त्याला कळवले, तेव्हा त्याचे उत्तर आले: निरीक्षणे विपुल आहेत, प्रयोगांची गरज नाही, अपायही नाही म्हणा.

या पूर्वपक्षात माणसाचे उत्तर ही साक्ष धरली आहे. ते साक्ष न मानता अनुमानाची खूण मानले, तर वदतोव्याघात उरत नाही. वाइनबर्गर, श्वार्ट्झ आणि डेव्हिडसन यांनी १९७९ मध्ये नेमके हेच केले. चिंतेच्या प्रश्नावलीला त्यांनी मार्लो-क्राउन मापनीची जोड दिली; लोकांत चांगले दिसावे म्हणून माणूस किती साजरी उत्तरे देतो, हे ती पाहते. तिच्यातल्या ३३ विधानांना सगळीकडे साजरे उत्तर द्यायचे, तर आपल्याला कधी कोणाचा हेवा वाटलाच नाही असेही म्हणावे लागते. चिंता कमी आणि हा साजरेपणा जास्त, ते दमनशील. खरोखर कमी चिंता असलेल्यांपेक्षाही आपण निश्चिंत आहोत असे ते सांगत होते. पण लैंगिक वा आक्रमक आशयाचे शब्दप्रयोग पुढे ठेवून मनात येईल ते बोलायला सांगितले, तेव्हा हृदयाची गती, त्वचेचे विद्युत्-प्रतिसाद आणि कपाळाच्या स्नायूंचा ताण यांनी वेगळेच सांगितले. मोजायचे ते हेच, वाणी आणि देह यांच्यातले अंतर.

‘हे तर निव्वळ खोटे बोलणे,’ असा पुढचा आक्षेप येतो, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. त्याला उत्तर डेराक्षान आणि आयसेंक यांच्या १९९९ च्या अभ्यासात मिळते. खोटे बोललात तर यंत्र पकडेल, अशी समजूत करून दिल्यावरही दमनशीलांचे उत्तर बदलले नाही. फसवणूक होती ती स्वतःची.

एक मर्यादा मी मान्य करतो. ही रीत स्वभावाची ढब मोजते, एखाद्या विशिष्ट आठवणीचे दमन नव्हे. शिवाय गट पाडताना गुणांचा मध्यक धरला, तर तोच माणूस एका नमुन्यात दमनशील ठरतो, दुसऱ्यात नाही. पण हा दोष सीमारेषेचा आहे. त्याच्या आडून ‘मोजताच येत नाही’ म्हणणाऱ्यांच्या हाती अखेर एकटी चिंतेची प्रश्नावलीच उरते, आणि तिच्यावर कमी गुण मिळवणारा दमनशील माणूस ‘ठीक आहे’ म्हणून घरी पाठवला जातो.