लोकमान्यांचा पासपोर्ट : शिक्षा भोगून झाली, नोंद मात्र उरली

१/ परदेशी जाण्यासाठी व्हिसाचा अर्ज भरताना अनेक देश एक प्रश्न हमखास विचारतात : अर्जदारास पूर्वी कधी एखाद्या गुन्ह्यासाठी शिक्षा झाली आहे काय? या प्रश्नाला आपल्याकडे एक जुना आणि काहीसा विसरलेला संदर्भ आहे. १९१८ साली साठी ओलांडलेल्या एका पुणेकर संपादकाला विलायतेस जायचे होते आणि त्यांच्या नावावर राजद्रोहाच्या दोन शिक्षा होत्या. ते संपादक म्हणजे बाळ गंगाधर टिळक.

२/ प्रथम ती नोंद पाहू. १८९७ साली ‘केसरी’तील लेखनाबद्दल कलम १२४-अ खाली टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली, सुमारे वर्षभराने, सप्टेंबर १८९८ मध्ये, त्यांची सुटका झाली. पुढे २२ जुलै १९०८ रोजी न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. ती मंडालेच्या तुरुंगात भोगून टिळक जून १९१४ मध्ये पुण्यास परतले. कायद्याचा हिशेब येथे पुरा झाला होता.

३/ सरकारचा हिशेब मात्र चालूच राहिला. १९१६ साली होमरूलच्या भाषणांवरून त्यांच्याकडून वर्षभराच्या सद्वर्तनासाठी २०,००० रुपयांचा जातमुचलका मागण्यात आला. उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. १९१७ च्या फेब्रुवारीत पंजाब आणि दिल्ली येथे त्यांना प्रवेशबंदी झाली. म्हणजे परदेश तर दूरच, स्वदेशातील दोन प्रांतांची दारेही त्यांना बंद होती.

४/ आता पासपोर्टची गोष्ट. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानातून विलायतेस जाण्यासाठी पासपोर्टची सक्ती नव्हती. ऐपत असलेला मनुष्य तिकीट काढून बोटीत बसे. युद्धकाळात भारत संरक्षण कायद्याच्या आधारे सरकारने ही मोकळीक काढून घेतली. साम्राज्यांतर्गत प्रवासाला व्हिसा लागत नसे. पासपोर्ट हाच खरा परवाना होता. कोणास जाऊ द्यावे आणि कोणास अडवावे, हे ठरविण्याचे साधन सरकारच्या हाती प्रथमच इतक्या पक्केपणाने आले.

५/ टिळकांना जायचे होते दोन कामांसाठी. एक काम खासगी होते. पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात रँड आणि जॅक्सन यांच्या खुनांचा संबंध टिळकांच्या चळवळीशी जोडला होता. टिळकांनी चिरोल आणि त्यांचे प्रकाशक यांच्यावर लंडनच्या न्यायालयात अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. दुसरे काम सार्वजनिक होते. माँटेग्यू सुधारणांची चर्चा ऐन भरात असताना स्वराज्याची मागणी थेट ब्रिटिश मतदारांपुढे मांडायची होती.

६/ मार्च १९१८ मध्ये होमरूलचे शिष्टमंडळ निघाले. टिळकांसोबत ग. श्री. खापर्डे, न. चिं. केळकर, बिपिनचंद्र पाल आदी मंडळी होती. पासपोर्ट हाती होते. मद्रासमार्गे सर्वजण कोलंबोस पोहोचले आणि तेथेच लंडनच्या युद्ध मंत्रिमंडळाचा निर्णय आडवा आला : पासपोर्ट रद्द. हिंदुस्थान सरकारने दिलेला परवाना वाटेतच निकामी झाला आणि शिष्टमंडळाला मागे फिरावे लागले.

७/ येथे एक सावधगिरी हवी. कोलंबोस एकटे टिळक नव्हे, सारे शिष्टमंडळ अडविले गेले. त्यामुळे ‘जुन्या शिक्षेमुळे पासपोर्ट गेला’ असे सरळ समीकरण मांडता येत नाही. फ्रान्समध्ये जर्मनीची मोठी चढाई सुरू होती आणि ऐन युद्धात इंग्लंडमध्ये हिंदी राजकारणाचा प्रचार सरकारला नको होता. जुन्या नोंदीचे खरे काम दिसते ते याच्या पुढच्या टप्प्यावर.

८/ काही महिन्यांनी टिळकांना जाण्याची परवानगी मिळाली. पण केवळ चिरोल खटल्यासाठी. राजकीय चळवळीत भाग घ्यावयाचा नाही, ही अट त्यांना मान्य करावी लागली. सप्टेंबर १९१८ मध्ये त्यांनी मुंबई सोडली आणि ऑक्टोबरच्या अखेरीस ते लंडनला पोहोचले. त्यापायी मोठी संधीही हुकली : दिल्ली काँग्रेसच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली होती, ते विलायतेस गेल्याने ते पद पंडित मदनमोहन मालवीय यांनी भूषविले.

९/ या परवानगीतील मेख लक्षात घेण्याजोगी आहे. सरकारने दार उघडले ते नेमके त्या खोलीचे, जिथे टिळकांच्या जुन्या शिक्षांचीच उजळणी होणार होती. जानेवारी १९१९ च्या अखेरीस खटला उभा राहिला. टिळकांच्या बाजूने सर जॉन सायमन, चिरोल यांच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन. दोनदा राजद्रोहाची शिक्षा झालेल्या मनुष्याची अब्रू ती काय उरली, असाच बचावाचा रोख होता. फेब्रुवारीत निकाल टिळकांच्या विरुद्ध गेला आणि खर्चाचा प्रचंड बोजा त्यांच्यावर पडला. तो हलका करण्यासाठी पुढे लोकांनीच निधी जमविला.

१०/ दुसरे दार होते पॅरिसचे. दिल्ली काँग्रेसने शांतता परिषदेसाठी टिळक, गांधीजी आणि हसन इमाम यांची प्रतिनिधी म्हणून निवड केली होती. टिळक तर लंडनमध्येच होते. मध्ये फक्त इंग्लिश खाडी. पण पॅरिसचा पासपोर्ट मिळाला नाही. परिषदेत हिंदुस्थानच्या नावाने बिकानेरचे महाराजा गंगासिंह आणि लॉर्ड सिन्हा बसले. टिळकांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र लिहून हिंदुस्थानची बाजू मांडली. पत्राला पासपोर्ट लागत नव्हता.

११/ राजकीय कामावरील बंधन पुढे सैल झाले आणि १९१९ मध्येच टिळकांनी सुधारणा विधेयकावरील संसदेच्या संयुक्त समितीपुढे साक्ष दिली. नोव्हेंबरात ते मुंबईस परतले. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी हिंदुस्थानात प्रवेशासाठी पासपोर्टची तरतूद करणारा कायदा आला. युद्धापुरती म्हणून आलेली व्यवस्था आता कायमची झाली होती.

१२/ स्वतंत्र भारतात हा प्रश्न पुन्हा न्यायालयात गेला. १९६७ साली सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे मान्य केले. त्याच वर्षीच्या पासपोर्ट कायद्याने जुन्या शिक्षेला मुदत घातली : नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासाठी किमान दोन वर्षांची शिक्षा झाली असेल, तर अर्जापूर्वीच्या पाच वर्षांतील अशी शिक्षा हे नकाराचे कारण ठरते. त्यापलीकडे नोंद अनंत काळ पाठलाग करीत नाही. अर्थात हे आपल्या पासपोर्टपुरते. व्हिसा देणारा देश आपले नियम आपण ठरवितो.

१३/ टिळकांच्या प्रकरणातून दिसते ते एवढेच की, जुनी शिक्षा प्रत्येक वेळी दार बंद करीत नाही. ती अधिकाऱ्याच्या हाती निवड देते : या कामासाठी जा, त्या कामासाठी नको, न्यायालयात बोला, सभेत बोलू नका. म्हणून अशा नोंदीचा इतिहास वाचताना परवाना मिळाला की नाकारला, एवढेच पाहून भागत नाही. तो कोणत्या अटीवर मिळाला, हेही पाहावे लागते.

१४/ आणि एक शेवटची नोंद. १९०८ साली ज्या दालनात शिक्षा सुनावली गेली, तेथे १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते एका स्मृतिफलकाचे अनावरण झाले. निकालानंतर टिळकांनी न्यायालयात काढलेले उद्गार त्यावर कोरलेले आहेत. ज्या शिक्षेची एकेकाळी पासपोर्ट देताना अडचण व्हायची, तीच आज उच्च न्यायालय अभिमानाने भिंतीवर मिरवते.