जुन्या वस्तूंची साक्ष



गेल्या वर्षीं एका रविवारीं मी जाफर गेटजवळच्या आठवडी बाजारांत फिरत होतों. जुन्या खुर्च्या, मोडके कंदील, पितळी समया आणि बंद पडलेलीं घड्याळें यांच्या ढिगांत एक तांब्याचा हंडा दिसला. कांठाखालीं मालकाचें नांव उर्दू लिपींत कोरलेलें होतें व त्यापुढें तशाच अंकांत १२७६ हा आंकडा होता. मी वांकून पाहूं लागलों, तोंच विक्रेता म्हणाला, "मास्तर, वस्तू साधीसुधी नाहीं. सन बाराशें शहात्तर! देवगिरीस रामदेवराव यादव राज्य करीत होता, तेव्हांचा हंडा आहे. किंमत त्याच हिशेबानें पडेल."

रामदेवराव १२७१ सालीं गादीवर आला, तेव्हां विक्रेत्याचा इतिहास कच्चा नव्हता. चूक होती ती आंकडा वाचण्यांत. यादवांच्या राज्यांत ख्रिस्ती सन चालत नसे, शक चालत असे. १२७६ मध्यें शके ११९८ होतें. उर्दू अंकांत कोरलेलें साल बहुधा हिजरी असावयाचें, नाहीं तर निजामाच्या कचेऱ्यांतून चालणारें फसली. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळें सौर वर्षाहून सुमारें अकरा दिवसांनीं लहान असतें. म्हणून त्या आंकड्यांतून शेंकडा तीन वजा करावे आणि ६२२ मिळवावे, म्हणजे ख्रिस्ती सन जवळजवळ येतो. दख्खनी फसलीसाठीं नुसते ५९० मिळवावे. हंड्यावरचा आंकडा हिजरी धरला तर १८५९-६० येतें, फसली धरला तर १८६६-६७. दोन्ही सालें हैदराबादेस अफजलउद्दौला निजाम व पहिले सालारजंग दिवाण असतांनाचीं आहेत. म्हणजे हंडा खोटा नव्हता. दीडशें वर्षांहून अधिक जुना होता. खोटी होती ती त्याला चिकटविलेली गोष्ट, आणि किंमत मागितली जात होती ती त्या गोष्टीची.

आजच्या भाषणांत मला मुख्यत्वें हेंच सांगावयाचें आहे. जुनी वस्तू घेतांना विक्रेत्याची कथा जरूर ऐकावी, परंतु साक्ष घ्यावी ती वस्तूची. प्रत्येक वस्तूच्या अंगावर अशी एखादी खूण असते कीं, तिच्या अलीकडे वस्तू येऊं शकते, पण पलीकडे जाऊं शकत नाहीं. ती खूण कोणत्या सालची, एवढें कळलें म्हणजे अर्धी परीक्षा झाली. आपलें शहरच उदाहरणादाखल घ्या. मलिक अंबरानें १६१० मध्यें येथें खडकी वसविली. १६५३ मध्यें औरंगजेबानें तिला औरंगाबाद हें नांव दिलें. २०२३ मध्यें तें छत्रपति संभाजीनगर झालें. एखाद्या वस्तूवर 'औरंगाबाद' असें कोरलेलें असेल, तर ती मलिक अंबराची असणें शक्य नाहीं, हें शाळकरी मुलगाही सांगेल.

आतां बिदरी कामाकडे वळूं. मराठवाड्यांतील पुष्कळ जुन्या घरांतून एखादें तरी पानदान, गुलाबदाणी किंवा हुक्क्याचें बूड या कामाचें असे. बाजारांत अशा हुक्क्याला सर्रास 'बहामनी काळचा' म्हणतात. बिदर ही बहामनी सुलतानांची राजधानी होती, त्यामुळें तें ऐकावयास बरें वाटतें. परंतु हुक्क्याला तंबाखू लागते, आणि तंबाखू आपल्याकडे आणली पोर्तुगीजांनीं. अकबराचा सरदार असद बेग १६०४ च्या सुमारास विजापुराहून परततांना ती बादशहासाठीं घेऊन गेला, तेव्हां आग्र्याच्या दरबारांत ती नवलाची वस्तू होती. बहामनी राज्य तर त्यापूर्वीं पाऊणशें वर्षें लयास गेलें होतें. तेव्हां बहामनी हुक्का ही गोष्ट संभवतच नाहीं. हुक्क्यांतही गोल पोटाचीं बुडें आधींचीं. घंटेसारखीं, तळाशीं पसरट बुडें सामान्यतः अठराव्या शतकाच्या मध्यापासूनचीं.

बिदरीची धातु ओळखावयाची, तर ती कशी घडते हें ठाऊक असावें. पुष्कळसें जस्त व त्यांत थोडें तांबें अशी ही मिश्र धातु मातीच्या सांच्यांत ओततात. कानशीनें घांसून तिच्यावर मोरचूद चोळतात, म्हणजे पृष्ठभाग तात्पुरता काळवंडतो व त्यावर कोरलेली रेघ स्पष्ट दिसते. मग नक्षी खोदून तींत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवितात. शेवटीं वस्तु किंचित् तापवून बिदरच्या किल्ल्यांतील माती आणि नवसागर यांचा लेप तिला देतात. त्या योगें जस्ताची धातु कायमची काळी पडते, पण चांदीला कांहीं होत नाहीं. या सगळ्या करामतीचें मर्म एवढेंच. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनांत या वस्तू मांडल्या होत्या व तेथें त्यांची वाहवा झाली.

यावरून परीक्षा आपोआप निघते. जस्त जड आहे. हातांत घेतांच वस्तु हलकी लागली, तर ती ॲल्युमिनियमची समजावी. ओतीव जस्त ठिसूळ असतें, आपटलें तर तडकतें. त्याला तांब्यापितळेसारखे पोंचे पडत नाहींत. म्हणून पोंचे पडलेली 'बिदरी' दिसली कीं सावध व्हावें. खरा काळा रंग धातूच्या अंगचा असतो. तो पापुद्रा होऊन सुटूं लागला, तर वर नुसता रंग फांसला आहे. आणि वापराची झीज जेथें हात लागतो तेथेंच असावयास हवी, म्हणजे झांकणाच्या बोंडावर, कडेवर, तळाच्या कांठावर. सगळीकडे सारखीच झिजलेली वस्तु वापरानें झिजलेली नसते, घांसून झिजविलेली असते. नवें बिदरी काम वाईट असें मात्र मी म्हणत नाहीं. कारागिराच्या हातचें नवें पानदान नवें म्हणून अवश्य घ्यावें. जुन्याची किंमत देऊन घेऊं नये, एवढेंच.

येथें माझी एक चूक कबूल केली पाहिजे. चाळीस वर्षांपूर्वीं बिऱ्हाड बदलतांना आमच्या आजीचें एक काळें पानदान अडगळींत निघालें. मी तेव्हां नव्यानें मास्तरकीस लागलों होतों आणि जुनें तें सारें टाकाऊ अशा समजुतींत होतों. इतर फुटक्या भांड्यांबरोबर मीं तें मोडीच्या तराजूंत घातलें. पुढें मुलांची सहल घेऊन हैदराबादेस गेलों, तेव्हां सालारजंग संग्रहालयाच्या बिदरी दालनांत कांचेपलीकडे त्याच घाटाचें पानदान पाहिलें. मुलें पुढें गेलीं, मी तेथेंच उभा राहिलों. हानि पैशाची झाली असेल ती असो; पण आजीच्या बोटांनीं झिजलेलें तें झांकण पुन्हां कोणत्याही बाजारांत मिळणारें नव्हतें. म्हणून विकत घेण्याच्या आधीं आपल्या माळ्यावर काय आहे तें पहावें, आणि सांपडलेलें बिदरी भांडें चिंच, राख किंवा भांडीं घांसण्याची पूड लावून उजळूं नये. काळेपणा गेला कीं नक्षी गेली. खोबरेल तेलाचा हात लावलेलें मऊ फडकें त्याला पुरें.

लांकडी सामानाची गोष्ट थोडी निराळी आहे. शहरांतले जुने वाडे पडत आहेत आणि त्यांचे सागवानी खांब व तुळया वखारींत येत आहेत. त्यांपासून केलेलें मेज किंवा पेटारा दुकानांत 'दोनशें वर्षांचा' म्हणून दाखविला जातो. लांकूड दोनशें वर्षांचें असेलही. मेज गेल्या महिन्यांतलें असतें. फळीवर जेथें कांहीं प्रयोजन नाहीं अशा जागीं बुजविलेलीं चौकोनी भोकें किंवा खिळ्यांचे जुने डाग दिसले, तर तें लांकूड पूर्वीं दुसऱ्या कामांत होतें असें जाणावें.

सामानाची दर्शनी बाजू पाहून फसगत होते. म्हणून खण बाहेर काढून उलटा करावा, कपाटाची पाठ पहावी, खुर्ची आडवी करावी. हातकरवतीच्या खुणा सरळ पण कमीअधिक अंतरावर असतात. यंत्राच्या गोल करवतीच्या खुणा कमानीसारख्या वांकड्या असतात. खणाच्या कोपऱ्यांत एकमेकांत अडकविलेले लांकडी दांत हातानें कापलेले असतील तर थोडे लहानमोठे असतात, यंत्राचे असतील तर अगदीं एकसारखे. टोंकदार स्क्रू यंत्रावर होऊं लागले ते १८४० नंतर. त्यापूर्वींच्या स्क्रूंचीं टोकें बोथट असत. किडीचें भोंक आंत वेडेंवांकडें जातें. गिरमिटाचें सरळ जातें. खरी झीज खुर्चीच्या पुढच्या आडव्या दांडीवर, जेथें पाय टेकतात तेथें असते.

वाकविलेल्या लांकडाच्या हलक्या, वेताच्या बैठकीच्या खुर्च्या आपण इराण्याच्या हॉटेलांत पुष्कळ पाहिल्या आहेत. त्या घाटाची प्रसिद्ध खुर्ची व्हिएन्नाच्या थोनेटनें १८५९ मध्यें काढली. पेशवाई संपली १८१८ मध्यें. तेव्हां तसली खुर्ची कोणी पेशव्यांच्या दिवाणखान्यांतली म्हणून विकूं लागला, तर हंसून पुढें चालावें.

भिंतीवरच्या चित्रांनाही हाच नियम. राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईस १८९४ मध्यें निघाला. त्यांतलें छापील चित्र त्याहून जुनें असणार नाहीं. तें खरोखर त्या काळचें कीं कालचें, हें भिंगानें कळतें. दगडावरून छापलेल्या जुन्या चित्रांत रंगाचे ठिपके लहानमोठे व विखुरलेले दिसतात. आजच्या छपाईंत ते शिस्तीनें ओळींत मांडलेले असतात. भिंगाला फारसा पैसा पडत नाहीं आणि तें शेंकडों रुपये वांचवितें.

आणखी एक गोष्ट, आणि ती सर्वांत महत्त्वाची. वस्तु खरी ठरली, म्हणजे ती घेण्याजोगी ठरली असें नव्हे. ती कोठून आली हेंही विचारलें पाहिजे. देवळांतील मूर्ति, लेण्यांतील किंवा बारवेंतील कोरीव दगड कितीही स्वस्त मिळत असला तरी त्याला हात लावूं नये. तो कोणाच्या तरी श्रद्धेचा, आणि बहुधा चोरीचा असतो. १९७२ चा पुरावस्तूंविषयींचा कायदा १९७६ च्या एप्रिलपासून अंमलांत आहे. त्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनी वस्तु, आणि महत्त्वाचें हस्तलिखित असल्यास पंचाहत्तर वर्षांहून जुनें, पुरावस्तु समजलें जातें. अशा वस्तूंचा व्यापार करावयास परवाना लागतो. मूर्ति, चित्रें, सचित्र हस्तलिखितें यांसारख्या कांहीं प्रकारांची सरकारांत नोंद करावी लागते. आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेतां येत नाहींत. परदेशांतील मुलाला आजोबांची एखादी जुनी वस्तु पाठविण्याची इच्छा असेल, त्यांनीं पुरातत्त्व खात्याचा सल्ला आधीं घ्यावा. तसेंच खरेदी करतांना पावती मागावी आणि तींत वस्तूचें वर्णन व वय लिहून घ्यावें. तोंडानें यादवकाळ सांगणारा माणूस कागदावर लिहावयाची वेळ आली कीं पुष्कळदां अलीकडे येतो.

माझ्याही बाबतींत तसेंच झालें. मीं विक्रेत्याला कागदपेन्सिल घेऊन हिजरीचा व फसलीचा हिशेब करून दाखविला. तो क्षणभर गप्प राहिला, मग मोकळेपणानें हंसला आणि तांब्याच्या भावावर थोडें अधिक घेऊन त्यानें हंडा दिला. तो आतां आमच्या ओसरीवर आहे. नातवानें त्यावरचा आंकडा वाचावयास शिकून घेतला आहे. आल्यागेल्यास तो हिशेब करून दाखवितो. ज्याचें नांव त्यावर कोरलेलें आहे, त्या गृहस्थाविषयीं मला दुसरें कांहीं ठाऊक नाहीं. परंतु त्याचा हंडा आतां आपलें खरें वय सांगत उभा आहे, आणि रामदेवरावाच्या नांवाची त्याला गरज राहिलेली नाहीं.