‘चॅटल हाऊस’ म्हणजे काय? कॅरेबियन धाटणीच्या लाकडी मंडपाने त्याच्याकडून काय घ्यावं?

कॅरेबियन धाटणीचा सार्वजनिक लाकडी मंडप म्हणजे फक्त रंगीत खिडक्या आणि नक्षी नव्हे. बार्बाडोसचं ‘चॅटल हाऊस’ बघितलं की हे कळतं.

चॅटल म्हणजे हलवता येणारी मालमत्ता. १८३८ मध्ये तिथले गुलाम पूर्ण मुक्त झाले, पण जमीन मळेमालकांकडेच राहिली. मालकाने जागा सोडायला सांगितली, की मजूर फळ्यांचं घर सुटं करून गाडीवर लादत आणि दुसरीकडे उभं करत. म्हणूनच घर सुट्या दगडांवर टेकवलेलं असे.

मंडपासाठी घेण्यासारख्या तीन गोष्टी:

• सुटे करता येणारे भाग : मंडप दुसरीकडे नेता येतो.
• तीव्र उताराचं छप्पर, आखूड वळचण : पाणी लगेच ओघळतं, वाऱ्याला छप्पर उचलायला कमी जागा मिळते.
• तिरक्या पट्ट्यांच्या झडपा : ऊन अडतं, हवा खेळते.

पाया मात्र तसाच घेऊ नये. १९५५ च्या ‘जॅनेट’ चक्रीवादळात बार्बाडोसमधली हजारो घरं उद्ध्वस्त झाली. त्यामुळे खांब पायाशी बोल्टने आणि छप्पर खांबांशी पोलादी पट्ट्यांनी जखडावं लागतं.

मळ्यांच्या जमिनीवर राहणाऱ्या भाडेकरूंना आपली जागा विकत घेण्याचा हक्क १९८० च्या कायद्याने मिळाला. मुक्तीनंतर तब्बल १४२ वर्षांनी.